आडनांवांच्या कुळकथा : वाशीमकर

नागपुराहून एका वृद्ध वाचकांचें पत्र आलें आहे. घरचें आडनांव वाशीमकर. नातू उच्च शिक्षणासाठीं इंग्लंडास निघाला असून, तेथील लोकांस उच्चारावयास सोपें जावें म्हणून शेवटचें 'कर' गाळून नुसतें 'वाशीम' लिहावें, असा त्याचा विचार आहे. सूनबाईंस तें मान्य आहे. आजोबांस मुळींच नाहीं. आणि आजीबाईंनीं "आधीं हें नांव आलें कोठून, तें तरी कळूं द्या," असें म्हणून वाद आमच्याकडे धाडिला आहे. आजीबाईंचें म्हणणें आम्हांस सर्वांत शहाणपणाचें वाटतें; म्हणून तेथूनच आरंभ करितों.

वाशीमचें जुनें नांव वत्सगुल्म. स्थानिक माहात्म्यांत तें वत्स ऋषींच्या तपश्चर्येशीं जोडलेलें आहे. वात्स्यायनाच्या ग्रंथावरील 'जयमंगला' टीका मात्र वत्स व गुल्म ह्या दोघां राजपुत्र बंधूंनीं वसविलेला प्रदेश, अशी निराळीच उपपत्ति सांगते. दोन्ही कथा नांवावरून मागाहून रचिलेल्या दिसतात. त्यांपैकीं एकीसही इतिहास म्हणण्याचें धाडस आमच्यानें होत नाहीं. इतिहास आहे तो ताम्रपटांत. १९३९ सालीं वाशीम येथें वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति ह्याचा ताम्रपट सांपडला. त्याच्या कारकीर्दीच्या ३७ व्या वर्षीं वत्सगुल्माहून दिलेलें हें दानपत्र, कांहीं भाग संस्कृतांत व कांहीं प्राकृतांत. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी ती हीच. पुढें राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी'त तेंच नगर 'वच्छोम' ह्या प्राकृत रूपानें भेटतें. 'वत्स'चें 'वच्छ' होतें, 'गुल्मां'तील गकार गळून पडतो, आणि 'वच्छोमा'पासून वाशीमापर्यंतची वाट मग फारशी लांब राहात नाहीं. इंग्रजांच्या दप्तरांत ह्याचेंच बासीम झालें. बासीम जिल्हा १९०५ सालीं मोडून अकोल्यांत घातला गेला, व १ जुलै १९९८ रोजीं वाशीम जिल्हा पुनः वेगळा झाला.

आतां 'कर'. वाशीमांत राहणाऱ्यास वाशीमकर म्हणण्याचें कारणच पडत नाहीं. तेथें सारेच वाशीमचे! पद्मतीर्थावर किंवा बालाजीच्या देवळांत भेटणाऱ्यास कोणी गांवावरून ओळखीत नाहीं. बापाच्या नांवावरून, नाहीं तर वतनावरून ओळखितात. म्हणूनच वऱ्हाडांत जागच्या जागीं राहिलेल्या घराण्यांत देशमुख, देशपांडे, कुळकर्णी, पाटील हीं आडनांवें दाट. गांवाचें नांव माणसास चिकटतें तें बहुधा गांव सुटल्यावर. पुणें दरबारच्या कागदांत नागपूरचे भोसले 'नागपूरकर' होतात. खुद्द नागपुरांत त्यांस तसें कोण म्हणणार? नीरेकांठच्या होळ गांवचे ते होळकर, आणि नांदले इंदुरास. तेव्हां 'कर' ही वस्तीची खूण नव्हे, निघून आल्याची होय. पत्रलेखकांचा कोणी पूर्वज वाशीम सोडून परक्या गांवीं उतरला असावा. शेजाऱ्यांनीं त्यास 'ते वाशीमकर' म्हटलें असावें, आणि तेंच पुढें लेंकरांस लागलें असावें. वाशीमांत असतांना ह्या घराण्याचें आडनांव दुसरेंच असण्याचा संभव त्यामुळें बराच आहे.

अशा नांवांत फसगतही होते. अकोलकर म्हटला कीं तो वऱ्हाडांतील अकोल्याचा, असें धरून चालावें तर तो नगरकडील अकोल्याचाही निघतो. शेजारच्या मेहकराच्या नांवांत तर 'कर' आधींच आहे. तेथील लोक 'मेहकरकर' न होतां मेहकरे झाले, हें जिभेवर उपकारच.

नातवास मात्र आम्ही एक इंग्रजी दाखला देतों, कारण तो त्याच्याच बाजूचा आहे. बाराव्या शतकांत डरहॅम परगण्यांत विल्यम नांवाचा एक जमीनदार होता. त्यास 'हर्टबर्नचा विल्यम' म्हणत. त्यानें हर्टबर्नची जमीन देऊन तिच्या बदलीं वेसिंग्टन घेतलें, आणि तो 'वेसिंग्टनचा विल्यम' झाला. कालांतरानें हा 'चा' गळाला, गांवाचें नांव तेवढें उरलें, उच्चार बदलला, आणि अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन ह्याच्या घराण्याचें नांव सिद्ध झालें. वाशीम आणि वॉशिंग्टन ह्यांचा संबंध कांहींएक नाहीं, हें सांगावयास नकोच. तरी कोणी हौशी गृहस्थ तो जोडील ह्या भयानें सांगून ठेवितों.

म्हणजे मुलगा करूं पाहतो तें अपूर्व नाहीं. परंतु वेसिंग्टनांचा 'चा' हळूहळू, साऱ्या घराचा मिळून गळाला. येथें एका नातवाचा गळेल आणि त्याच्या बापाचा, चुलत्यांचा राहील. जन्मदाखला, शाळेचा दाखला, पारपत्र ह्यांवर एक आडनांव आणि तिकडच्या पदवीपत्रावर दुसरें, असें झाल्यास वांटणीच्या किंवा वारसाच्या वेळीं प्रतिज्ञापत्रें करीत कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. आमच्या स्वतःच्या घरीं एका अक्षराच्या फरकापायीं सात-बाऱ्यावरची वारसनोंद दोन वर्षें अडून राहिली होती. मित्रमंडळींत त्यानें खुशाल 'वाशीम' म्हणवून घ्यावें. कागदावर 'कर' राहूं द्यावा, असें आमचें मत. शिवाय स्वतः गांव सोडून निघालेल्या मुलानें नेमकी तीच दोन अक्षरें गाळावीं, ह्याचें आम्हांस थोडें हसूं आलें.

आजीबाईंस एक विनंति. नाशिकास किंवा त्र्यंबकास जाणें झाल्यास आपल्या तीर्थोपाध्यायांकडील वह्या अवश्य पाहाव्या. त्यांत यात्रेस आलेल्या पूर्वजांचीं नांवें मूळ गांवासह लिहिलेलीं असतात, आणि कित्येकदां जुनें आडनांवही तेथेंच सांपडतें. सांपडल्यास आम्हांस एक कार्ड टाकावें.