आडवी बाटली आणि माझा ग्लास

पुण्यात नव्याने उघडलेल्या एका पबमध्ये गेले. बिअर चांगली, सजावट देखणी. बैठकीत मैत्रिणीने विचारलेच, "आडव्या बाटलीला मतं मागणारी तू, तिथे कशी?"

नवऱ्याने मजुरी गुत्त्यावर उडवायची आणि घरी येऊन बायकोला बडवायचे, याविरुद्ध तो लढा होता, आहे. स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या मर्जीने घेतलेल्या ग्लासाविरुद्ध नव्हे. जानेवारी २००९ मध्ये मंगळूरच्या पबमध्ये मुलींना मारणारे दारूबंदीसाठी आले नव्हते. बाईला 'वळण' लावायला आले होते. त्यांना खुपली ती दारू नव्हे, मोकळी बाई.

मैत्रिणींनो, त्यांच्या आणि आपल्या घोषणा एकसारख्या ऐकू येऊ लागल्या, तर चूक आपली. आपले भांडण हिंसेशी आहे. ती गुत्त्यातून येवो, नाहीतर संस्कृतीच्या नावाने!