‘मला चालेल’ म्हणणाऱ्या मुलीचा लॅपटॉप



गेल्या आठवड्यात आमच्या घरी नवा लॅपटॉप आला. नात पुण्याला एम.बी.ए.ला निघाली आहे, तिच्यासाठी. यात लिहिण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण तो येण्याआधी घरात जे झालं त्यात मोठी चूक माझी होती, म्हणून लिहिते.

आमचं तळेघरला किराणा दुकान आहे, वर घर. भीमाशंकरच्या वाटेवरचं गाव. पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन दिसत नाही आणि वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नाही. नात मंचरच्या कॉलेजातून बी.कॉम. झाली, सीईटी दिली.

तीन वर्षांपूर्वी नातवाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा ८५,००० रुपयांचा लॅपटॉप अर्ध्या तासात ठरला. “शिक्षणात काटकसर नको,” असं आमचे हे म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यातले बरेच पैसे खेळ खेळायला लागणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचे होते, हे आम्हाला मागाहून कळलं. नातीची वेळ आली तेव्हा मुलगा म्हणाला, “लॉकडाऊनमध्ये घेतलेला जुना पडून आहे की.” सूनबाई काही बोलली नाही. नातच म्हणाली, “दादी, मला चालेल.” आणि मी कौतुकाने म्हटलं, “गुणाची पोर! अपरिग्रह हिच्याकडून शिकावा.”

मे महिन्यात एका कॉलेजची तिची ऑनलाइन मुलाखत होती. नेमका वळीव आला आणि वीज गेली. जुन्या लॅपटॉपची बॅटरी पंधरा मिनिटांत संपली. पोरीने मोबाईल घेतला, रेंज येते त्या जिन्याच्या पायरीवर बसली आणि अंगावर शिंतोडे घेत उरलेली मुलाखत दिली. तिथे तिची निवड झाली नाही. बॅटरीमुळेच झाली नाही असं मी म्हणणार नाही. पुढे सीईटीच्या गुणांवर तिला दुसरीकडे चांगला प्रवेश मिळाला. पण त्या रात्री मला झोप आली नाही. सामायिकात बसले तरी ती पायरीच डोळ्यांसमोर.

मी १९८२ साली बी.कॉम. झाले. माझा भाऊही कॉमर्सलाच होता. वडिलांनी त्याला कॅलक्युलेटर आणून दिला. मी मागितला नाही. “तुझे पाढे पक्के आहेत, तुला कशाला हवा?” असं आई म्हणाली आणि मला त्याचा अभिमानच वाटला. तेच शब्द मी नातीच्या बाबतीत वेगळ्या रीतीने बोलले होते.

मैत्रिणींनो, श्रावकाच्या बारा व्रतांमधलं पाचवं व्रत परिग्रह-परिमाण. शेत, घर, सोनं, चांदी, धन, धान्य, सगळ्याला आपण स्वतः मर्यादा घालून घ्यायची. यात ‘स्वतः’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दुसऱ्याने आपल्यावर घातलेली मर्यादा म्हणजे व्रत नव्हे. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून सांगितली आहे. वस्तू किती यापेक्षा तिच्यात जीव किती अडकला हे तिथे पाहिलं जातं. मग ८५,००० रुपयांच्या लॅपटॉपवर खेळ खेळणाऱ्या मुलाला आपण काहीच विचारत नाही आणि अभ्यासाचं साधन न मागणाऱ्या मुलीला त्यागाची शाबासकी देतो, हा कुठला अपरिग्रह? मोजमाप गरजेवरून ठरावं. मुलगा की मुलगी यावरून ठरू नये.

म्हणजे महागडाच घ्यावा का? मुळीच नाही. आम्ही काय केलं ते सांगते, कोणाच्या उपयोगी पडेल.

आधी नातीला म्हटलं, किंमत नंतर पाहू, काम काय आहे ते वहीत लिही. तिने कॉलेजकडे विचारून लिहिलं: दोन वर्षं, चार सत्रं. एक्सेलमध्ये मोठे हिशेब, सादरीकरणं, आकडेशास्त्राची सॉफ्टवेअरं, ऑनलाइन मुलाखती आणि रोज पाठीवर घेऊन फिरणं. एवढ्यावरून यादी तयार झाली. ग्राफिक्स कार्ड नको. वजन दीड किलोच्या आत, पडदा १४ इंची. रॅम १६ जीबी, कारण पातळ लॅपटॉपमध्ये ती बहुतेक वेळा आतल्या बोर्डालाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. एसएसडी ५१२ जीबी. कॅमेरा बरा हवा. बॅटरी दिवसभराची हवी, हे तर तळेघरच्या माणसाला सांगायलाच नको. आणि बिघडला तर कंपनीचा माणूस घरी येऊन दुरुस्त करील अशी वॉरंटी.

तिच्या मैत्रिणी ॲपलचा मॅक घेत आहेत. तिलाही आवडला होता, तिने ते लपवलं नाही, हे मला बरं वाटलं. मॅकची बॅटरी उत्तम, टिकतोही. पण एक्सेलमधलं पॉवर पिव्होट नावाचं साधन मॅकवर चालत नाही, आणि तिच्या कॉलेजात ते शिकवतात. म्हणून विंडोजवालाच घेतला. तुमच्या मुलीच्या कॉलेजात तसं नसेल, तर तुमचं उत्तर वेगळं येईल.

आता माझ्या कॉमर्सचा हिशेब. समोर दोन होते, एक ३५,००० चा आणि एक ५८,००० चा. पहिला दोन वर्षांत थकेल असं जाणकार म्हणाले. ७३० दिवसांनी भागलं तर दिवसाला ४८ रुपये पडले. दुसरा नीट वापरला तर पाच वर्षं चालावा. १,८२५ दिवसांनी भागलं तर ३२ रुपये. स्वस्त कुठला, ते तुम्हीच ठरवा. पण पाच वर्षांच्या वर धरू नका. ही वस्तू सोन्यासारखी नाही. आयकराच्या नियमात संगणकावर दरवर्षी ४० टक्के घसारा धरतात. म्हणजे ५८,००० चे वर्षाने ३४,८०० आणि दोन वर्षांनी २०,८८० उरतात. म्हणून जास्तीचं काही ‘असू दे, पुढे लागेल’ म्हणून घेऊ नये. शैक्षणिक कर्ज काढत असाल, तर अभ्यासाला लागणारा संगणक त्यात धरता येतो का, हे बँकेत जरूर विचारा. बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत त्याची सोय असते, पण आपण विचारत नाही.

दोन मोह आडवे आले, तेही सांगते, कारण आपण व्यापारी घरातल्या आहोत.

पहिला मुलाला झाला. “बिल दुकानाच्या नावाने घेऊ, जीएसटी वळता होईल.” लॅपटॉपवर १८ टक्के कर आहे. ५८,००० मध्ये साडेआठ हजारांहून जास्त रक्कम होते, थोडी नाही. पण घरच्या वापराच्या वस्तूवरचा कर वळता करून घेता येत नाही. वस्तू नातीची आणि बिल दुकानाचं, हे मला पटलं नाही. दुसरा मोह दुकानदाराने दाखवला. “आजी, ऑफिस फुकटात टाकून देतो.” ती चोरीची प्रत. प्रतिक्रमणात अचौर्याचे अतिचार म्हणायचे आणि घरात रोज चोरीच्या सॉफ्टवेअरवर अभ्यास करायचा? चौकशी केली तर ऑफिस कॉलेजच्याच ईमेलवर मोफत मिळतं असं कळलं. सगळीकडे मिळेलच असं नाही, पण आधी विचारून पाहा. न मिळालं तर लिबरऑफिस हे कायदेशीर आणि मोफत आहे, साध्या कामाला पुरतं.

आणि तो जुना? भंगारात दिला नाही. अशा वस्तूंमध्ये शिसं आणि इतर विषारी धातू असतात. उघड्यावर जाळल्या की जमीन, पाणी आणि त्यातले जीव सगळ्यांना बाधतात. नवी बॅटरी घातली, आता दुकानात बिलं करायला ठेवलाय. बिलं मी करते. पुढे अगदीच बंद पडला, तर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात देणार.

नवा लॅपटॉप हातात आल्यावर नात म्हणाली, “दादी, जुन्यावर मी निभावून नेलं असतं गं.” मी म्हटलं, “नेलं असतंस, माहीत आहे मला. म्हणून तर कोणी विचारलं नाही.”

तुमच्याही घरात ‘मला चालेल’ म्हणणारी एखादी मुलगी असेल, सून असेल. तिचं ऐकून लगेच कौतुक करू नका. शेजारी बसून एकदा विचारा, “तुला खरंच काय लागतं?” ती थोडी घुटमळेल. थांबा आणि ऐका. नातवाला यंदा नवा फोन हवा आहे, त्यालाही मी वही दिली आहे. त्याने अजून एकच ओळ लिहिली आहे.

माझ्या लिहिण्याने कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.