दिव्याखाली राख

चंद्रपूरच्या माणसाला सौर विजेचा उपदेश करणे म्हणजे नागपूरकराला संत्र्यांची करंडी भेट देण्यासारखे आहे. तो नाही म्हणत नाही, पण आधी तुमच्याकडे कीव आल्यासारखा पाहतो. "कायले पाह्यजे बाप्पा थे सौर-फौर? वीज तं आपल्याच गावात बनते नं!" जटपुरा गेटच्या आतल्या निदान वीस ओसऱ्यांवर मी हे वाक्य ऐकले आहे. बोलणाऱ्याचा थाट असा, की जणू औष्णिक केंद्रातून एक नळी थेट याच्या स्वयंपाकघरात सोडलेली आहे!

माझे भांडण आहे ते या वाक्याशी.

वीज गावात बनते, हे खरे. १९८३ पासून बनते, आणि आज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. पण वीज म्हणजे काही गावच्या विहिरीचे पाणी नव्हे. ती जन्मली की तारेवर बसते आणि निघते. १९९९ साली तर तिच्यासाठी चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरची खास वाहिनी सुरू झाली. वाटेत एकही स्टेशन न घेणारी अशी गाडी रेल्वेने आम्हाला कधी दिली नाही. लेक सासरी जाते तशी वीज मुंबईकडे जाते. माहेरी उरते ती राख. २००९ साली देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी निघाली, तीत आमचा नंबर चौथा. शाळेत असताना एवढा वरचा नंबर आमच्या आळीत कुणाचा आला नव्हता. आणि बिलात 'गावचा माणूस' म्हणून सूट? एक पैसा नाही. कल्याणकराला जो दर, तोच आम्हाला.

आता शेजारचे काकाजी दुसरा पत्ता टाकतात : "तुह्या चार पंख्यानं का थे केंद्र बंद पडनार हाये?"

नाही पडणार, काकाजी. पण हिशेब तरी ऐका. जुन्या घरातला घरघरणारा पंखा साधारण ७५ वॅट खातो. नव्या बीएलडीसी जातीचा ३० वॅटच्या आसपास. चार पंखे दिवसाला १५ तास, आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात १५ तास म्हणजे पंख्याला रजाच दिल्यासारखे! तरी रोजचे २.७ युनिट वाचतात, महिन्याचे ८१. एका युनिटाला पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा जळतो आणि आपल्या कोळशात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक राखच असते. म्हणजे नुसते पंखे बदलून महिन्याला वीसेक किलो राख कमी. एवढी राख कुणी तुमच्या अंगणात आणून ओतली असती, तर तुम्ही त्याची सात पिढ्यांची वंशावळ म्हणून दाखवली असती.

आणि इथेच माझे दुसरे भांडण आहे, ते उत्साही मंडळींशी. २०२४ साली सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांचे अनुदान जाहीर झाले, आणि ही मंडळी गच्चीवर सोलरच्या प्लेटा चढवून मोकळी झाली. खाली मात्र तेच पंखे, तीच लाकडी पट्टीवरची वायर, आणि तापलेल्या उघड्या स्लॅबखाली दोन-दोन एसी. फुटक्या माठाला चांदीची तोटी! एक किलोवॅटच्या प्लेटा दिवसाला साधारण चार युनिट देतात. म्हणजे चार पंखे बदलले की जवळजवळ पाऊण किलोवॅट घरातच सापडले, आणि तेही छपरावर न चढता.

तेव्हा जुन्या घराचा क्रम असा हवा. आधी वायरिंग आणि अर्थिंग. मग पंखे आणि दिवे. मग स्लॅबवर पांढरा चुना. मे महिन्यात कूलर पुरतो, कारण हवा कोरडी असते. जुलैत तो नुसता ओला वारा घालतो, तेव्हा त्याच्यावर रागावू नये. प्लेटा सर्वांत शेवटी, आणि त्याही मागच्या स्लॅबवर. पुढच्या कवेलूंवर माकडांची वहिवाट आहे. एका किलोवॅटला शंभरेक चौरस फूट जागा पुरते. दर आठवड्याला फडके मात्र मारा, कारण केंद्राची मेहेरबानी प्लेटांवरही उतरते. आणि ऊन ४७ अंशांवर गेले म्हणून वीज दुप्पट मिळेल असे समजू नका. प्लेट उजेडावर जगते. फार तापली की चंद्रपूरकरासारखीच दुपारी सुस्तावते.

खरी अडचण सूर्याची नाहीच. ती आहे मीटरची. किल्ल्याच्या आतल्या घरांत मीटर असते आजोबांच्या नावावर. आजोबांना जाऊन पन्नास वर्षे झाली, पण बिल दर महिन्याला त्यांनाच येते. स्लॅब चार चुलतभावांची, आणि चौघे दिवाळीलाही एका गच्चीवर येत नाहीत. अनुदानाच्या अर्जावर सही मागितली, की धाकट्याला वाटते थोरल्याने वाटणीचा डाव टाकला.

राखेविरुद्ध निवेदन द्यायला हे चौघे एका ट्रॅक्टरवर बसून जातात. परत येताना तोच ट्रॅक्टर महावितरणच्या दारात थांबवावा आणि मीटर आधी एका जिवंत माणसाच्या नावावर करावे. वरच्या सूर्याला आपल्या सातबाऱ्यात काडीचाही रस नाही.