रुमाल म्हणजे मास्क नव्हे

गेल्या महिन्यात आमच्या गाडीचा डावा दरवाजा एका टेम्पोने घासला. डेंटिंग-पेंटिंगसाठी इथे बेळगावात उद्यमबागेतल्या जुन्या ओळखीच्या गॅरेजमध्ये गेलो. आताच्या मालकाच्या वडिलांना पस्तीसेक वर्षांपूर्वी मीच बँकेतून कर्ज मंजूर केलं होतं: कॉम्प्रेसर, वेल्डिंग सेट आणि स्प्रे गनसाठी. कोटेशनं तपासली, मार्जिन मनी भरून घेतला, यंत्रांचा विमा उतरवायला लावला. फाईल अगदी चोख.

मेस्त्री दिसले नाहीत म्हणून विचारलं. मुलगा म्हणाला, "बाबा घरीच असतात काका. दमा आहे. डॉक्टरांनी रंगाजवळ जायचंच नाही म्हणून सांगितलंय." आणि त्याच्या मागेच, पत्र्याच्या बंद खोलीत, अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा तोंडाला रुमाल बांधून स्प्रे मारत होता.

माझ्या त्या चोख फाईलमध्ये मास्कसाठी एक रुपयाही नव्हता. यंत्राचा विमा मी बघितला, यंत्र चालवणाऱ्याची छाती बघितली नाही. मेस्त्रींचा दमा रंगामुळेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ही शंका मनातून जात नाही.

गाडीला हल्ली जो चकचकीत रंग लागतो, त्यात बहुतेक वेळा हार्डनर मिसळतात. त्यात आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. ती श्वासातून जाऊन दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला ती सोसेनाशी झाली की नंतर जराशा वासानेही धाप लागते. रुमालातून हे सगळं सरळ आत जातं. लांबी घासताना उडणाऱ्या धुळीला धुळीचा चांगला मास्क चालतो. थिनरच्या वाफेला कार्ट्रिजवालाच लागतो. हार्डनरचा रंग मारायचा तर हवा बाहेर ओढणारी बूथ हवी आणि नळीतून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा. काम संपल्यावर पोरं थिनरनेच हात धुतात, तेही वाईट. साबण-पाणी पुरे.

बाकीच्या गोष्टी बिनखर्चाच्या किंवा थोड्या खर्चाच्या आहेत. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा, जवळची सीट आणि कार्पेट बाजूला करा, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा. पेट्रोलची टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, आतली वाफच भडकते. ग्राइंडरचं गार्ड काढू नका, चष्म्याशिवाय हातात घेऊ नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी जाऊ नये, स्टँड लावावेत.

"हे मालकाचं काम, आपल्याला काय त्याचं?" असं काही जण म्हणतील. पण बिलात पाचशे कमी करा म्हणणारे आपणच, आणि "संध्याकाळपर्यंत गाडी द्या, उद्या लग्नाला जायचंय" म्हणणारेही आपणच. अशा घासाघीशीत पहिली काट बसते ती मास्कवर. "पोरंच घालत नाहीत, उकडतं," असं मालक सांगतात. उकडतं हे खरंच. मग दर अर्ध्या तासाने त्यांना बाहेर मोकळ्या हवेत बसू द्या. पण न घालणाऱ्याच्या हातात गन देऊ नका.

मी त्या मुलाला म्हटलं, "घासाघीस करणार नाही. आधी मास्क आण, मग माझ्या दरवाजाला रंग लाव. चार दिवस उशीर झाला तरी चालेल." तो आधी हसला. सहाव्या दिवशी गाडी मिळाली, तेव्हा त्या पोराच्या गळ्यात नळीवाला मास्क लटकत होता. तोंडावर किती वेळ असतो, ते बघायला मी अधूनमधून चक्कर मारणार आहे. कर्ज दिल्यावर इन्स्पेक्शनला जायचो तसंच. त्या वेळी बघायचं राहिलं, ते आता बघतो.

तुम्हीही पुढच्या वेळी गॅरेजमध्ये बिलाच्या आधी एवढं विचारा: रंग कोण मारतो, आणि त्याच्या तोंडाला काय असतं?