उसने केस लावा, पण आपले गमावू नका

लग्नाची तारीख ठरली की साड्या, दागिने आणि मेंदी यांच्या यादीत हल्ली आणखी एक गोष्ट हमखास दिसते, ती म्हणजे हेअर एक्स्टेन्शन. तसे पाहिले तर केस उसने घेण्याची हौस नवी नाही. आजी-पणजीच्या काळीही विरळ केसांना गंगावन जोडून घसघशीत अंबाडा घातला जाई. पण ते गंगावन वेणीत गुंफलेले असे आणि रात्री झोपण्यापूर्वी सोडून ठेवता येई. डोक्याला तेवढाच आराम मिळे. ग्लूने चिकटवलेले केस असे रोज रात्री उतरवता येत नाहीत. सगळ्या तक्रारी सुरू होतात त्या इथूनच.

पार्लरमध्ये या कामाचे बरेच पैसे पडतात. म्हणून ग्लूची बाटली आणि केसांच्या पट्ट्या आणून, बहिणीला किंवा मैत्रिणीला हाताशी घेऊन घरीच हा उद्योग केला जातो. लावणे तासा-दीड तासात जमतेही. समारंभ थाटात पार पडतो, फोटो सुंदर येतात. खरी परीक्षा असते ती केस काढण्याच्या दिवशी. कंटाळून पट्टी ओढली की तिच्याबरोबर स्वतःचे केसही हातात येतात. म्हणूनच हे केस लावण्यापूर्वी ते काढायचे कसे, हे आधी समजून घ्यायला हवे.

ग्लूचा स्वभाव

पट्ट्या चिकटवण्यासाठी मिळणारा ग्लू बहुधा लेटेक्सचा, म्हणजे रबराच्या चिकाचा असतो. वाळल्यावर त्याचा रबरासारखा पापुद्रा होतो. साध्या पाण्याने तो विरघळत नाही, पण तेलाने मऊ पडतो. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मे काम झाले. लावण्यापूर्वी केसांना तेलाचा थेंबही नको आणि काढताना मात्र तेलाची कंजुषी नको.

लेटेक्सची काही जणींना ॲलर्जी असते. फुगे फुगवताना ओठ सुजणे, रबरी हातमोजे घातल्यावर हातांना खाज सुटणे, ही तिची लक्षणे. अशा स्त्रियांनी लेटेक्सचा ग्लू वापरूच नये. इतरांनीही समारंभाच्या चार-पाच दिवस आधी ग्लूचा लहानसा ठिपका कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी. लाली, खाज किंवा पुरळ दिसल्यास बेत रद्द करावा. पट्टी डोक्याला चिकटवल्यानंतर ॲलर्जी उठली, तर ती पटकन काढून टाकण्याची सोय नसते.

बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर काही महिने केस अधिक गळतात. अशा दिवसांत, तसेच डोक्यात जखम, पुरळ किंवा फार कोंडा असल्यास केस चिकटवण्याच्या फंदात पडू नये.

लावताना

आदल्या दिवशी केस शाम्पूने स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावेत. कंडिशनर लावू नये. टोकदार दांड्याच्या कंगव्याने मानेच्या वर सुमारे दोन इंचांवर, एका कानामागून दुसऱ्या कानामागपर्यंत आडवा भांग काढावा. वरचे केस चिमट्याने वर बांधून टाकावेत. पट्टी भांगापेक्षा दोन्ही बाजूंनी थोडी आखूड कापावी.

ग्लू पट्टीच्या शिवणीवर लावायचा, डोक्याला नाही. रेघ पातळ असावी. ग्लू किंचित चिकचिकीत झाला की पट्टी भांगाखालच्या केसांवर, डोक्याच्या त्वचेपासून सुमारे एक सेंटिमीटर अंतर राखून दाबावी. हे अंतर फार महत्त्वाचे आहे. ग्लू त्वचेला लागला तर रोमरंध्रे बुजतात, त्वचेचा दाह होतो आणि काढताना त्वचाही ओढली जाते. पट्टी बसल्यावर ड्रायरचा गार झोत पुरेसा असतो.

दोन पट्ट्यांत किमान एक इंच अंतर ठेवावे. कपाळ आणि कानशिलाजवळचे केस नाजूक असतात, तिथे पट्टी लावू नये. तीन-चार पट्ट्यांत हौस भागते. भार जितका जास्त तितका मुळांवर ताण जास्त. सतत ओढल्या जाणाऱ्या मुळांतून आधी केस गळतात आणि ताण बरेच महिने चालू राहिला तर तिथे पुन्हा केस उगवेनासे होतात. सुरुवातीलाच ताण थांबवला तर बहुधा केस परत येतात, उशीर झाला तर नाही.

घरी लावलेल्या पट्ट्या फार तर दोन आठवडे ठेवाव्यात. रात्री सैल वेणी घालावी आणि ओल्या केसांनी झोपू नये. खाज, आग किंवा दुखणे सुरू झाल्यास दिवस मोजत न बसता पट्ट्या काढाव्यात.

काढताना

पाहुणे जेवायला येणार त्या दुपारी किंवा प्रवासाला निघण्याच्या आदल्या रात्री हे काम काढू नये. निवांत दोन तास हाताशी असावेत आणि मदतीला कोणीतरी असावे, कारण डोक्यामागचे स्वतःला दिसत नाही.

सर्वांत खालच्या पट्टीपासून सुरुवात करावी. ग्लू काढण्याचे तयार तेलकट द्रावण मिळाले तर उत्तम. नाही तर खोबरेल किंवा बेबी ऑइल चालते. कापसाच्या बोळ्याने ते थेट ग्लूच्या रेषेवर, वरून आणि खालून, सढळ हाताने लावावे. वीस मिनिटे थांबावे. मग एका टोकाकडून पट्टी हलकेच सोडवून पाहावी. सहज सुटली तर पुढे जावे. अडली तर तिथेच थांबून पुन्हा तेल लावावे. ओढणे हा उपाय नाहीच.

केसांवर उरलेले ग्लूचे कण तेलाच्या बोटांनी चोळून सैल करावेत आणि मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे जात थोडे थोडे विंचरावे. सगळा ग्लू निघाल्यावरच शाम्पू करावा, गरज पडल्यास दोनदा.

पट्टीबरोबर थोडे केस निघालेले पाहून घाबरू नये. रोज पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविकच असते. पट्टीत अडकलेले असे केस खाली पडू शकत नाहीत, ते काढण्याच्या दिवशी एकदम दिसतात. मात्र मध्येच तुटलेले तुकडे पुष्कळ असतील, टाळूवर मोकळा डाग दिसत असेल किंवा त्वचेतून पाणी येत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. केस महिन्याला जेमतेम एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात. एका झटक्यात तुटलेली वीतभर लांबी परत यायला दीड वर्ष लागते.

हे कधीही करू नका

नेलपॉलिश रिमूव्हर, रॉकेल किंवा पेट्रोल डोक्याला लावू नये. यांनी त्वचा जळते, शिवाय गॅसजवळ भडका उडण्याची भीती असते. तुटलेल्या वस्तू जोडण्याचा झटपट ग्लूही केसांसाठी नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात एका महिलेने केसांचा स्प्रे संपला म्हणून वस्तू चिकटवण्याचा ग्लू केसांवर फवारला. महिनाभर अनेकदा धुऊनही केस हलले नाहीत. शेवटी एका प्लास्टिक सर्जनला खास द्रावण तयार करून, काही तास खपून ते सोडवावे लागले.

एका दिवसासाठी दुसरा मार्ग

फक्त लग्नापुरते किंवा एका समारंभापुरते लांब केस हवे असतील, तर क्लिप लावून बसवायच्या पट्ट्या मिळतात. ग्लू नाही, तेल नाही, काढण्याची धास्ती नाही. घरी आल्यावर दागिन्यांबरोबर त्याही उतरवून ठेवाव्यात. आजीचे गंगावनच हे, फक्त नव्या रूपातले!

दारावर ‘केसांवर भांडी’ अशी हाक आली की विंचरताना गळलेले केस पूर्वी देऊन टाकले जात. त्याच गुंतवळाला आणि देवस्थानांत अर्पण केलेल्या केसांना आज देशोदेशी मागणी आहे. थोडक्यात, विकत मिळणाऱ्या केसांना तोटा नाही. ते आणखी आणता येतील. स्वतःचे मात्र जपूनच ठेवावे लागतात.