साइटवरचा रेडिओ

वर्षभर या सदरात आपण घरात यायच्या वस्तूंची पारख केली. कुकर झाला, मिक्सर झाला, छत्रीसुद्धा सुटली नाही. दिवाळीच्या या अंकात मात्र घराबाहेरच्या एका वस्तूविषयी लिहायचे आहे. म्हटले तर ती आपल्या कामाची नाही, म्हटले तर आहे.

झाले असे की आमची जुनी इमारत पुनर्विकासासाठी पाडली गेली आणि आम्ही सारी बिऱ्हाडे शहरभर पांगलो. जागेवर आता गवंडी, सेंट्रिंगवाले, बिगारी आणि पत्र्याच्या शेडमध्ये बायकामुलांसह राहणारा वॉचमन. त्यांना दिवाळीची मिठाई तर द्यायचीच, पण यंदा सर्वांना मिळून एक चांगला दणकट रेडिओ द्यावा, अशी सूचना तळमजल्यावरच्या काकूंनी मांडली. मी पस्तीस वर्षे बांधकामांवर ओव्हरसीअरकी केलेली; तेव्हा निवडीचे काम आपसूकच माझ्याकडे आले.

"अहो, हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असतो. रेडिओ कशाला?" सेक्रेटरींनी शंका काढलीच. शंका रास्त आहे, पण तिला उत्तरही आहे. परांचीवर उभ्या गवंड्याचे हात सिमेंटने माखलेले असतात. गाणे बदलायला त्याने मोबाइल काढला की हातही गुंतले आणि नजरही. रेडिओ एकदा लावला की त्याच्याकडे पाहावे लागत नाही. शिवाय एका रेडिओवर दहा जणांचे भागते.

आता पारख कशी करायची ते पाहू.

पहिला प्रश्न विजेचा. बॉश, मकिता, डीवॉल्ट यांसारख्या हत्यारे बनवणाऱ्या कंपन्या खास साइटसाठी रेडिओ काढतात. त्यांच्या बिनवायरीच्या ड्रिल मशीनला जी बॅटरी लागते, तीच या रेडिओंनाही चालते. सोय मोठी आहे. पण एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या वस्तूला बसत नाही, आणि पुष्कळदा बॅटरी व चार्जर वेगळे विकत घ्यावे लागतात. आमच्या साइटवरची बहुतेक मशिने वायरवर चालणारी. तिथे असला रेडिओ म्हणजे घोडा आहे पण चारा नाही! अशा ठिकाणी जाड सेलवर चालणारा संच बरा. पेन्सिल सेलपेक्षा तो कितीतरी अधिक दिवस चालतो. सेल पुन्हा भरता येणारे घ्यावेत आणि सोबत चार्जरही द्यावा. रेडिओ भेट देऊन सेलचा खर्च मजुरांच्या माथी मारला, तर ती भेट कसली?

दुसरा प्रश्न धूळपाण्याचा. खोक्यावरच्या 'मजबूत', 'शॉकप्रूफ' या शब्दांवर भाळू नये. 'आयपी' या अक्षरांपुढचा आकडा विचारावा. त्यातला पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ५४ असेल तर बिघाड होण्याइतकी धूळ आत शिरत नाही आणि कोणत्याही बाजूने उडालेले पाणी सोसते. ६५ असेल तर धूळ मुळीच शिरत नाही आणि नळीची धारही चालते. साइटवर स्लॅबला रोज पाणी मारतात, तेव्हा हा अंक म्हणजे शोभेची गोष्ट नव्हे. मात्र वायर जोडायच्या भोकांवरची रबरी झाकणे घट्ट बंद असतील, तरच या आकड्याला अर्थ.

तिसरा प्रश्न स्टेशन लागण्याचा. सळयांच्या जाळ्यात एफएम क्षीण होते. म्हणून संच भिंतीच्या पोटात न ठेवता खिडकीच्या मोकळ्या चौकटीपाशी ठेवावा. मीडियम वेव्हवर खरखर आली तर संचच थोडा फिरवून पाहावा, कारण त्याचा एरियल आत आडवा बसवलेला असतो. बाहेर ओढायचा लांब दांडा साइटवर सर्वांत आधी मोडतो. आखूड, वाकणारा एरियल असेल तर उत्तम.

इथवरचे सारे कोणीही सांगेल. पुढचे मात्र नीट ऐका.

मागे एका साइटवर सळयांची मोळी वर चढवताना दोर सरकला. वरचा माणूस जिवाच्या आकांताने ओरडला. खाली विटा भिजवणाऱ्या बाईच्या शेजारी रेडिओ तार स्वरात चालू होता. तिला काहीच ऐकू गेले नाही. मुकादमाने झेप घेऊन तिला दंडाला धरून ओढले. सळया पडल्या तिथे तिचे घमेले चेपून पापडासारखे झाले होते. बाई वाचली. रेडिओ गातच होता.

तेव्हापासून मी साइटवरचा रेडिओ आवाज किती मोठा यावर पारखत नाही, तो किती चटकन गप्प होतो यावर पारखतो. शिवाय कानांचाही हिशेब आहेच. अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागला, की ती मर्यादा ओलांडली असे खुशाल समजावे. मशिनावर मात करायला रेडिओ वाढवणे म्हणजे आगीवर तेल.

दुकानात विक्रेत्याने रंगीत दिव्यांचा एक देखणा संच पुढे केला. मी विचारले, "बंद कसा करायचा?"

"सोपं आहे, काका. हे बटण तीन सेकंद दाबून ठेवायचं."

तीन सेकंद! आमची इमारत सात मजली व्हायची आहे. तिच्या माथ्यावरून निसटलेली वीट जेमतेम दोन सेकंदांत जमिनीवर येते.

मी गोल, मोठ्या, खरखरीत बटणाचा साधा संच घेतला. ओल्या हाताने, हातमोजा घालून, एका वळशात तो बंद होतो. मुकादमाशी करारही झाला : माल वर चढत असताना रेडिओ बंद, आतल्या प्लॅस्टरच्या वेळी आणि जेवणाच्या सुट्टीत हलक्या आवाजात चालू, आणि संध्याकाळी तो वॉचमनच्या शेडमध्ये, मुलांच्या ताब्यात.

वाचकहो, तुमच्याही घराचे काम कुणीतरी करत असेल किंवा उद्या करील. त्यांच्यासाठी रेडिओ घ्यायला गेलात, तर दुकानदार तो लावून दाखवीलच. तुम्ही त्याला तो बंद करून दाखवायला सांगा.