घडीच्या सायकली, जुन्या आणि नव्या
इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने १९७०च्या दशकात विकलेली घडीची ‘ट्वेंटी’ तिथले हौशी लोक आजही अडगळीतून शोधून काढतात, गंज खरवडतात, रंग देतात आणि मग नव्या ब्रॉम्प्टनशी तिची तुलना करत बसतात. खरं तर घडी घालतानाच निम्मा निकाल लागतो. ट्वेंटी मधल्या बिजागरीवर दुमडते, पण हाती येतं ते ओबडधोबड गाठोडं. पंधरा किलोच्या आसपासचं ते धूड घेऊन लंडनच्या भुयारी रेल्वेचे जिने चढून दाखवा! अँड्र्यू रिची यांनी त्याच दशकात आखलेली ब्रॉम्प्टन मागचं चाक खाली ओढून घेते, पुढचं बाजूला वळवते आणि चेन दोन चाकांच्या मध्ये येते, म्हणजे पँटला वंगण लागत नाही. रस्त्यावर मात्र मी जुन्या सायकलीच्या बाजूने. तिची वीस इंची चाकं खड्डे बऱ्यापैकी सोसतात. ब्रॉम्प्टनची सोळा इंची चाकं, मागे रबरी गट्टू असूनही, प्रत्येक खड्ड्याची वर्दी देतात. ट्वेंटीवरचा स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब तर अधूनमधून तेलाचे चार थेंब मिळाले की वर्षानुवर्षं कुरकुरत नाही. जिवावर बेतू शकतो तो तिच्या पोलादी रिमचा दोष. ती पावसात भिजली की ब्रेक आवळूनही सायकल पुढेच जाते. तेव्हा जुनी ट्वेंटी घ्यायचीच असेल, तर रंगरंगोटीच्या आधी अ‍ॅल्युमिनियमच्या रिम बसवून घ्या.